रादोवानच्या पायाच्या मुंग्या

रादोवान,

घेवड्याचं सूप शेगडीवर आहे, पालक त्यातच घातलाय. कालच्या पावाचे दोनच तुकडे घे आणि जेवणाआधी साखर मोज.

काल डॉक्टरीणबाईंनी तुझा रिपोर्ट दिला. मॅग्नेशियम फार कमी आहे. ते कमी पडलं की इन्सुलिनचं काम नीट होत नाही, साखर न उतरण्याचं तेही एक कारण असेल, म्हणाल्या. भोपळ्याच्या बिया खायला सांगितल्यात. चार वर्षं मी त्या भाजून तुझ्यापुढे ठेवते, तर म्हणतोस, "मी काय कोंबडी आहे?" आणि शेजारच्या देसांकाने कुंपणावरून मूठभर दिल्या की हसत हसत खातोस. मी खिडकीतून पाहिलंय.

तेही गिळलं असतं. पण आज सकाळी बेकरीत तिने सगळ्यांसमोर विचारलं, "काय गं रुझा, रादोवानच्या पायाच्या मुंग्या कमी झाल्या का?" तीस वर्षं एका अंथरुणात झोपतो आपण, आणि पाय बधिर होतात हे तू मला नाही, तिला सांगतोस! मी "हो, बऱ्याच कमी झाल्यात" म्हटलं आणि पाव न घेताच बाहेर पडले.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या तीन वाजता तुझे पाय तपासणार आहेत. तू बागेतून येईपर्यंत मी थांबत नाही, आत्ता तुझं तोंड बघवणार नाही मला. दहाच्या बसने पुढे जाते. तू एकच्या बसने ये, मी शहरातल्या स्टँडवर उभी असेन. देसांका गाडीने सोडते म्हणाली तरी बसू नकोस. एकटा ये.

रुझा