डावीकडचा ब्रेक

ती. वहिनींना धाकट्या दिराचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा कागदावरच वाकतो.) तुमचा गुडघा कसा आहे? लेकीकडे राहायला गेल्यापासून तरी जिन्यांची चढउतार कमी झाली असेल अशी आशा आहे, खात्री मुळीच नाही. आम्ही सगळे बरे आहोत. फोनच करणार होतो, पण फोनवर तुम्ही मला दोन वाक्यांपुढे जाऊ देत नाही आणि हा विषय दोन वाक्यांत मावणारा नाही.

विषय गाडीचा. ती विकून टाका आणि ड्रायव्हिंग स्कूलचं शटर कायमचं ओढा, असं तुम्ही निक्षून सांगितलंत. तुमचं दुःख मला कळतं हो. दादा त्याच गाडीत गेला, शिकवता शिकवता, शिकवणाऱ्याच्या डाव्या सीटवर. जाता जाताही त्याने आपल्या बाजूचा जादा ब्रेक दाबून गाडी अलगद कडेला थांबवली, आणि शिकायला आलेल्या दातांच्या डॉक्टरीणबाई, सर चिडले असं समजून, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बराच वेळ निमूट समोर बघत बसल्या. पण वहिनी, स्कूल बंद केलं तर मी करू काय? लोकांना क्लच-गिअर शिकवण्यात माझा जन्म गेला, आणि आता या इलेक्ट्रिक गाडीत तर तेही नाहीत. दुसरं मला काही येत नाही. तेव्हा गाडीत येणाऱ्या त्या वासाचा छडा लागला तर फेरविचार करीन, हा तुमचा शब्द धरून मी कामाला लागलो.

वासाची बातमी तुमच्या जावेने तुमच्यापर्यंत पोचवली (तिच्या तोंडात तीळ भिजत नाही), पण अर्धीच. वास जळक्या रबराचा, हे खरं. मात्र बाजूला कुणी असेल तर तो येत नाही. शिकाऊ माणूस उजवीकडे, मी डावीकडे, की गाडी गुणी बाळासारखी चालते. मी एकटा निघालो की चार वळणं जातात न जातात तोच वास सुरू. इलेक्ट्रिक गाडीला आवाज नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्या शांततेत आधी वास येतो, मग गाडी किंचित जड होते, आणि मग पायाखालून बारीक घासल्यासारखं ऐकू येतं, दादा दातावर दात घासायचा ना, अगदी तसं. भर दुपारी, काचा खाली, रस्त्यावर माणसं, तरी माझ्या अंगावर सरसरून काटा आला. दादा शिकाऊ मंडळींवर कधी ओरडला नाही. चुकलं की नुसता आपल्या बाजूचा ब्रेक दाबायचा आणि खिडकीबाहेर बघायचा. माझ्या ड्रायव्हिंगवर तर त्याचा शेवटपर्यंत विश्वास नव्हता, हे तुम्ही स्वतःच मला हसत हसत सांगितलंय.

मेकॅनिक आणला. हा गृहस्थ काम कमी आणि भाषण जास्त करतो. बॅटरी पाहिली, वायरी पाहिल्या, टायर कुठे घासतो का ते पाहिलं, आणि गाडीत काहीच दोष नसून दोष माझ्या नाकात आहे, असं जाहीर केलं. तो डावीकडे बसला तेव्हा वास येईना. शेवटी मी एकटा गाडीत आणि तो मागून स्कूटरवर, असे निघालो. परत आल्यावर त्याचा चेहरा पार उतरला होता. म्हणाला, तुमचा मागचा लाल दिवा सारखा पेटलेला होता, ब्रेकवरचा पाय जरा काढत जा की! माझा पाय ब्रेकवर नव्हताच. त्याने पुढच्या चाकाला बोट लावलं आणि बोट तोंडात घालून नाचला. इलेक्ट्रिक गाडीत पाय उचलला की मोटारच वेग आवरते, ब्रेकला फारसं कामच नसतं, मग ब्रेक इतके तापले कसे, यावर त्याचं भाषण प्रथमच मध्येच तुटलं.

कारण मात्र सापडलं. डावीकडची जाड रबरी चटई. कुणी बसलं की पायाखाली दबून राहते. सीट रिकामी असली की वळणावळणाला पुढे सरकते, डाव्या ब्रेकवर चढते आणि तो इंचभर दाबून धरते. झालं! भूत नाही, खेत नाही, चटई. आम्ही दोघे इतके हसलो की तुमची जाऊ बाहेर आली. मेकॅनिकने जळके ब्रेक-पॅड बदलले आणि चटई काढूनच टाकली. तेव्हा वहिनी, आता शंका नको. स्कूल चालू ठेवायला तुमचा होकार कळवा.

तुमचा धाकटा दीर

ता. क. : मेकॅनिक तुम्हाला फोन करून सगळं समजावून सांगायला तयार आहे. शक्यतो उचलू नका, जेवण करपेल.

ता. क. २ : सांगू नये असं ठरवलं होतं, पण तुमच्याशी खोटं बोलवत नाही. काल एकटाच निघालो होतो. वास आला. गाडी थांबवून वाकून पाहिलं. खाली नुसता पत्रा, चटई नाही, काही नाही. डावा ब्रेक इंचभर खाली गेलेला. मी बघत असताना तो हळूच वर आला.

ता. क. ३ : म्हणून खरी विनंती ही. एकदा येऊन त्या सीटवर बसा आणि तुमच्या नेहमीच्या आवाजात म्हणा, अहो, पाय काढा, भावजींना येतं चालवता. माझं त्याने कधी ऐकलं नाही, तुमचं ऐकेल. पण वहिनी, जा मात्र म्हणू नका. नुसतं पाय काढा, एवढंच म्हणा.