अडलं तर ढकलू नको

३ डिसेंबर

गोळी सुटली. आज, भर दुकानात, माझ्या कमरेच्या पिस्तुलातून. आता माझं जे काही व्हायचं ते त्या आवाजानंतरचं!

कान अजून वाजतायत. पँट जळाली, पोटरीची कातडी सोलली — बस्स. गोळी मागच्या खोलीच्या फरशीत घुसली आणि फरशीचा कपचा उडून तिच्या घोट्याला लागला. तिच्याच! दागिन्यांच्या एवढ्या मोठ्या दुकानात त्या कपच्याला नेमकी बिलं करणारी तीच सापडली. चहाचा कप तसाच हातात धरून म्हणाली, "तुला लागलं का रे?" मला विचारतेय! स्वतःच्या पायातून रक्त येतंय आणि मला!

४ डिसेंबर

ताई रात्री जेवली नाही. एकाच दुकानात आम्ही दोघं पहाऱ्याला — ती पुढच्या दारावर, मी मागे तिजोरीपाशी. कॉलेज अर्ध्यात सोडून घरी लोळत होतो तेव्हा तिनेच शब्द टाकून मला इथे चिकटवलं.

आज सकाळी तिने माझं जॅकेट टेबलावर पसरलं. "दाखव. कसं झालं?"

दाखवलं. पिस्तूल तपासून झालं होतं, परत कमरेच्या होल्स्टरमध्ये सारत होतो. बघत होतो त्या बिलंवालीकडे. मध्येच काहीतरी अडलं. मी ढकललं.

चापावर बोट नव्हतं, आईशप्पथ! जॅकेटच्या कमरेची दोरी, तिच्या टोकाचा मणी — तो चापाच्या कडीत शिरला. मी खाली दाबलं, मण्याने चाप ओढला.

"दोरी काप म्हणून कधीची सांगतेय मी."

खरंय. पण दोरीचं टोक तुटलं होतं तेव्हा तो लाकडी मणी त्या बिलंवालीने स्वतः ओवून दिलेला. स्वतःच्या माळेतला! कापणार कसा? रोज दोरी आत खोचायचो. काल विसरलो. ती हसली आणि विसरलो.

मणी कुणाचा ते ताईला सांगितलं नाही. ती म्हणाली एवढंच — "प्रेमात पड बाबा, खुशाल पड. पण खाली बघून पड."

५ डिसेंबर

दोरी कापली. मणी खिशात.

८ डिसेंबर

मालक म्हणाले, "बहिणीकडे बघून ठेवतोय. पुन्हा काही झालं तर दोघंही घरी." ताई मान खाली घालून 'हो' म्हणाली. ताई! जिने आयुष्यात कुणापुढे मान खाली घातली नाही.

घरी रबरी पिस्तूल घेऊन सराव. ती पलंगावर मटार सोलत बसते आणि कान माझ्याकडे.

"बोट कुठंय?"

"बाहेर. सरळ."

"डावा हात?"

"जॅकेट बाजूला धरलंय."

"नजर?"

"होल्स्टरमध्ये."

"अंगठा?"

"मागे, ठोकणाऱ्या घोड्यावर. तो हलला तर कळेल."

"अडलं तर?"

"थांबायचं. बाहेर काढायचं. बघायचं."

"ढकलायचं?"

"नाही!"

"खेकसू नकोस. काढताना घाई असते एक वेळ. ठेवताना कसली घाई? कोण मागे लागलंय तुझ्या?"

मग बाबा आतून, "अरे, त्याला आधी दार लावायला शिकव. रोज भिंत हादरते." दोघंही हसली. मी चिडून बाहेर गेलो. दार आपटलंच.

१२ डिसेंबर

दुकानात नवीन नाव पडलंय. फरशीफोड्या. हसा लेको!

तिच्या घोट्याची पट्टी निघाली. म्हणाली, "छोटीशी खूण राहील." मी दिवसभर त्या खुणेचा विचार करतोय. वेडाच आहे मी.

१७ डिसेंबर

मालकांनी काढून घेतलेलं पिस्तूल परत मिळालं. ताईसमोर होल्स्टरमध्ये ठेवून दाखवलं, सावकाश, बघत. वरच्या पट्ट्याचं बटण टक्कन लावलं. "शाबास," म्हणाली. मग बटण स्वतः एकदा ओढून पाहिलं.

उद्या बिलाच्या टेबलाशी जाऊन तिला मनातलं सांगायचं. ठरलं!

१८ डिसेंबर

सांगायच्या आत एकजण आला. उंच, हसरा. ती म्हणाली, "हे माझे होणारे." त्याने मला आपादमस्तक न्याहाळलं. "अच्छा, हाच का तुमचा फरशीफोड्या?" आणि ती हसली. वाईट काही नव्हतं त्यात. नुसती हसली.

डोकं तापलं. काय काय मनात आलं ते इथेही लिहवत नाही. मग टक्कन आवाज झाला. बटणाचा. खाली पाहिलं — पट्टा उघडा आणि हात पिस्तुलावर. बोट मात्र बाहेर, सरळ. शिकवलं तसंच.

थांबलो.

ताईला मागच्या खोलीत बोलावलं. भिंतीकडे तोंड करून पिस्तूल रिकामं केलं, तिच्या हातात दिलं. "हे मला नको." तिने माझ्याकडे पाहिलं, होल्स्टरच्या उघड्या पट्ट्याकडे पाहिलं.  मग माझ्या डोक्यावर हात ठेवला.

मणी बिलाच्या टेबलावर ठेवला. बाहेर पडलो. दार लावलं — हळू, कडीकडे बघत.