फुकीच्या देठातला बांबू

मी, किनू हाताकेयामा, वय वर्षे ब्याऐंशी, राहणार नुमासावा, प्रांत अकिता, डोके ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही भिडेस न पडता हे लिहून ठेवते. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण त्यांचा कायद्याशी संबंध नाही. याआधी मी असे काही लिहिलेले नाही.

१. राहते घर व टपाल खात्यातली शिल्लक मुलगा कोजी याला मिळावी. छपरावरचा बर्फ त्याने वेळच्या वेळी उतरवावा. आळस त्याच्या वडिलांचा आहे, म्हणून लिहावे लागते.

२. ओढ्याकाठची बाग, फुकीच्या, म्हणजे अळूसारख्या लांब देठाच्या भाजीचे, सर्व गड्डे, फावडे आणि विळा कोजीची मुलगी मिहारू हिला द्यावा. फुकीचे पान छत्रीहून मोठे होते, पण वाऱ्यापुढे टिकत नाही. पश्चिमेचे कुंपण काढू नये. थंडीच्या तोंडावर पाने पिवळी पडली की कापून गड्ड्यांवरच पसरावीत, वर पेंढा घालावा. मग बर्फ खुशाल पडू द्यावा, ती त्यांची गोधडी आहे. भोवती पुरलेले पत्रे उपटू नयेत. नाहीतर गड्डे शेजाऱ्याच्या भातात शिरतात.

३. बागेबरोबर मिहारूला खरी हकीकतही मिळावी. गावच्या मेळ्यात सर्वांत उंच फुकीला बक्षीस असते. एका वर्षी ते आमच्या पानाला मिळाले. रिवाजाप्रमाणे पानाखाली एक मूल उभे करतात. सहा वर्षांची मिहारू उभी राहिली. तिने देठ घट्ट धरला आणि तो मधोमध निखळला. पोकळ देठात बांबूची काठी होती. दोन देठ जोडून वर चिखल फासला होता.

माझे पती सेइची सर्वांसमोर म्हणाले, "मला काय ठाऊक? बाग तीच बघते. तिचंच काम असणार."

लोक हसले. मिहारूने विचारले, "आजी, तू खोटं केलंस?"

मी म्हणाले, "चल, घरी जाऊ."

काठी मी खोवली नव्हती. पण नवऱ्याला चारचौघांत खोटे कसे पाडायचे? गावातली पोरे मिहारूला "बांबूवालीची नात" म्हणू लागली. पुढे ती उन्हाळ्यात यायची थांबली. मी बोलावलेही नाही. कोणत्या तोंडाने बोलावणार?

शेवटच्या दुखण्यात पती म्हणाले, "बांबू मीच घातला होता."

"मला ठाऊक आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून."

त्यांनी भिंतीकडे तोंड केले. पुढे तो विषय निघाला नाही.

यंदा काहीही न जोडता पान माझ्या डोक्याच्या हातभर वर गेले. शेजारचे शिगेओ आबुकावा म्हणाले, "वहिनी, मेळ्याला न्या."

"नको. लोक देठ चिरून बघतील."

"कशाला बघतील? बांबू कोणी घातला, हे गावाला तेव्हाच कळलं होतं. आदल्या दिवशी तुमचे यजमानच आमच्या बांबूच्या बेटातून काठी तोडून घेऊन गेले."

"मग कोणी बोललं का नाही?"

"तुम्हीच गप्प होता. आम्ही कुठल्या तोंडानं बोलणार?"

म्हणजे इतकी वर्षे गावाने नमस्कार केला तो कीव म्हणून, आणि मी मान खाली घालून चालले ती उगाचच. मेळ्यात वाटली नव्हती एवढी लाज मला त्या सकाळी वाटली. गावाला ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते फक्त त्या पोरीला, आणि तिला सांगणे माझे काम होते. समोर बसून सांगवत नाही, म्हणून कागदावर सांगते. मिहारू, तू विचारलेस त्याचे उत्तर 'नाही' असे आहे.

४. माझ्या अस्थी वेगळ्या ठेवाव्यात असे फार दिवस मनात होते. तो विचार मी रद्द करते. हाताकेयामांच्या थडग्यात, पतींच्या शेजारीच ठेवाव्यात. आमचे भांडण व्हायचे राहिले आहे.

वरील मजकूर साक्षीदारांना वाचून दाखवला व त्यांच्यासमोर शिक्का उठवला.

किनू हाताकेयामा (शिक्का)

साक्षीदार : शिगेओ आबुकावा, शेजारी
साक्षीदार : तोमी कासाई, निवृत्त परिचारिका

नुमासावा, १७ नोव्हेंबर २०१९