पंख्यांवरचे शब्द

सेलम रिज, मिसिसिपी
रविवार, २४ जून १९६२

ती. व्हर्नेल आत्यास,
ओरिलियाचा नमस्कार, वि. वि.

मागच्या पत्रात माझ्याकडून एक गोष्ट चुकीची लिहिली गेली, ती आधी दुरुस्त करते. गोळी लागून बाबा ओसरीत पडले आणि जाताना ‘थांबू नका’ म्हणाले, असं मी कळवलं होतं. तसं ते म्हणाले नाहीत.

त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. जवळ दुसरं कुणी नव्हतं. ते म्हणाले, की सगळ्यांना सांग, कचेरीत कुणी जाऊ नका. दोनदा म्हणाले. चर्चचे डीकन प्रुइट धावत आले तेव्हा सगळं संपलं होतं. लेम्युएल काय म्हणाला, असं त्यांनी मला विचारलं. मी बाबांकडेच पाहत होते. मग तेच म्हणाले, की थांबू नका म्हणाला असेल, प्रत्येक सभा तो त्यावरच संपवायचा. मी मान हलवली. का हलवली, ठाऊक नाही. तासाभरात ते अंगणभर झालं, आणि तुला लिहायला बसले तोवर मलाही तेच ऐकल्यासारखं वाटत होतं.

बाकी ठीक. लोक अजून जेवण आणून देतात. मी खाते, चव कळत नाही. ओसरी घासून झाली. काल बाबांचे शर्ट इस्त्री करून कपाटात ठेवले आणि मग लक्षात आलं. रडू आलं नाही.

बाबांबरोबर मतदार म्हणून नाव घालायला त्या कचेरीत जे निघणार होते, ते आता पुढच्या महिन्यात जायचं म्हणतात. बाबांनी मरताना सांगितलं म्हणून जातोय, असंच प्रत्येक जण सांगतो. मी काय करू, ते कळव.

तुझ्या मायेची वाट पाहणारी,
ओरिलिया


डेट्रॉइट
२८ जून

चि. ओरिलियास,
आत्याचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र हातात घेऊन खुर्चीत बसले, ती कामाची पाळीच चुकली. तू आहेस तशीच आहेस. आठ वर्षांची असताना पाद्रीबुवांनी बायबलच्या वचनाचा आकडा चुकवला म्हणून भर प्रवचनात हात वर केला होतास. तुझ्या बापानेच बिघडवलं तुला. कापूस वेचणीला शाळा बंद पडली की तो तुला स्वयंपाकघरातल्या, गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या डग्लस आणि टबमन यांच्या तसबिरींखालची अक्षरं गिरवायला लावायचा, आणि वर विचारायचा, की हे ते बोलले तेव्हा ऐकायला कोण होतं.

मी सांगते ते ऐक, बाळ. त्या तसबिरींतल्या माणसांनी शेवटच्या घटकेला काय म्हटलं असेल, देव जाणे. कुणी पाणी मागितलं असेल, कुणी आईला हाक मारली असेल. लोकांनी त्यांच्याकडून जे घ्यायचं ते घेतलं. माझा भाऊ वीस वर्षं थांबू नका म्हणत आला. शेवटच्या क्षणी घाबरला तो पुढारी नव्हता, तुझा बाप होता. मांडीवरच्या माणसाचं बोलणं मांडीवरच राहू दे.

इकडे चर्चमध्ये तुझं पहिलं पत्र मी वाचून दाखवलं, तेव्हा गुडघे धरून बसणाऱ्या म्हाताऱ्यासुद्धा उठून उभ्या राहिल्या. आता त्यांना कुठल्या तोंडाने सांगू? तू गप्प राहा, आणि बसमध्ये बसून इकडे ये. तुला समोर बसवून जेवू घालायचंय. हाडं तेवढी उरली असशील.

आत्याची माया आहे, ती आटायची नाही.

व्हर्नेल


सेलम रिज
बुधवार, ४ जुलै

ती. आत्यास,
ओरिलियाचा नमस्कार, वि. वि.

पत्र पोचलं. तुझ्याशी वाद घालायचं त्राण नाही, आणि तू म्हणतेस त्यातलं बरंच खरं असेल. आज गावात स्वातंत्र्यदिनाचे फटाके उडताहेत. पहिला बार झाला तेव्हा आमच्या अंगणातली सगळी माणसं खाली वाकली. मी उभीच राहिले.

अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्यांनी चर्चला पुठ्ठ्याचे हातपंखे छापून दिलेत. एका बाजूला बाबांचा फोटो, दुसऱ्या बाजूला ‘थांबू नका’. रविवारी उकाडा फार होता, बाकाबाकावर तेच हलत होतं. शेजारी आयडाबेल क्रूम बसल्या होत्या. त्या गोऱ्या मालकाकडे स्वयंपाक करतात आणि राहतातही त्याच्याच खोपटात. नाव घालायला गेलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापतात, हे त्यांना ठाऊक आहे. हसून म्हणाल्या, की मालक न्याहारी करता करता माझं नाव वाचेल आणि अंडं घशात अडकेल मेल्याच्या. मग पंखा थांबवून हळूच विचारलं, की ते म्हणताना लेम्युएलला फार दुखत होतं का गं. मी हो म्हणाले. दुखत होतंच. पण आत्या, ही बाई एका शब्दावर डोक्यावरचं छप्पर सोडायला निघाली आहे, आणि त्या शब्दाला मी मान हलवली आहे.

बाबा घाबरले असतील, तर ती भीतीही त्यांचीच होती. त्यांनी ती सगळ्यांना सांग म्हणून माझ्याजवळ दिली, मला एकटीला ठेवायला नव्हे. या रविवारी प्रार्थना संपली की मी उभी राहून सांगणार. डीकन प्रुइट यांना आजच सांगून आले. बराच वेळ हॅट हातात फिरवत बसले. मग म्हणाले, की पोरी, तू लोकांच्या पायांतलं बळ काढून घेतेस. असेल तसं. खरं कळल्यावर कुणी मागे राहिलं, तर मी त्यांना बोल लावणार नाही.

मी मात्र जाणार आहे. बाबांचं नको म्हणणं या कानांनी ऐकलंय, आणि तरी जाणार. तिथे नाव घालण्याआधी आम्हा काळ्यांना राज्यघटनेतलं एखादं कलम उतरवून त्याचा अर्थ लिहायला लावतात, त्याची उजळणी करतेय. डेट्रॉइटचं मग पाहू.

रागावलीस तरी लोभ उणा करू नकोस.

तुझी,
ओरिलिया

ता. क. कचेरीत जायचा दिवस लिहायचा राहिला. सोमवार, ९ जुलै.