तिसऱ्या खांबाचा ओळंबा

अल्बनी, ऑकलंड,
जूनमधला दुसरा रविवार

प्रिय अक्षत,

गोल्फ पाहताना एक कोडे बहुतेक प्रत्येकाला पडते. चेंडू होलपासून पाच-सहा पावलांवर असतो, हजारो माणसे श्वास रोखून उभी असतात, आणि एवढा नामांकित खेळाडू आपला पटर, म्हणजे चेंडू होलमध्ये ढकलायची काठी, दोन बोटांत लोंबता धरून, एक डोळा मिटून, कितीतरी वेळ नुसता उभा राहतो. तुला हे कोडे आठव्या वर्षी पडले. शाळेच्या गणवेशात, मांडीवर दूध-कॉर्नफ्लेक्सचा वाडगा घेऊन तू विचारलेस, "बाबा, इज ही फिशिंग?" मी इतका हसलो, की तुझ्या आईने आतून येऊन टीव्हीचा आवाज कमी केला.

अमेरिकेतल्या मोठ्या स्पर्धांचा शेवटचा दिवस तिथे रविवार असतो, म्हणून आपल्याकडे सोमवारची सकाळ. त्या सोमवारी मी ऑफिसात उशिरा जाई आणि तुझ्या शाळेला चिठ्ठी देई, की अक्षतला दाताच्या डॉक्टरकडे न्यायचे आहे. "वर्षातून तीनदा दात? आणि नेमका सोमवारीच?" आई विचारी. आपण दोघे एकमेकांकडे पाहतही नसू.

त्या दिवशी तुला दिलेले उत्तर पुन्हा लिहितो. तुला ते पाठ आहे हे जाणूनही लिहितो. कारण माझी पुढली सगळी हकिगत त्यावर उभी आहे. लोंबणारी कोणतीही काठी आपल्या वजनाने सरळ जमिनीकडे जाते. म्हणजे पटर हा खेळाडूचा ओळंबा. गवताचा उतार डोळ्याला फसवतो, ओळंबा फसवत नाही. काठीच्या रेषेत चेंडू धरायचा आणि होल त्या रेषेच्या कोणत्या बाजूला दिसतो ते पाहायचे. उताराचा अंदाज येतो. मात्र दोन्ही डोळे उघडे ठेवले तर जवळची काठी दुहेरी दिसते, म्हणून एक मिटायचा. आणि उघडा ठेवायचा तो नेम धरणारा डोळा. माझा उजवा. पुण्यातल्या पहिल्या पुलापासून ऑकलंडमधल्या शेवटच्या इमारतीपर्यंत, अडतीस वर्षे मी या एका डोळ्याने भिंती आणि खांब तपासले. त्याचा मला अभिमान होता. तू इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडून सुतारकाम धरलेस, तेव्हा तो अभिमान दुखावला, हेही आज लिहून टाकतो.

आता मार्चमधला तो शनिवार. आईच्या साठीसाठी तू पोरिरुआहून आठ तास गाडी चालवत आलास, चार दिवस राबलास आणि मागच्या डेकवर तिला पर्गोला, म्हणजे पत्र्याच्या छपराचा लाकडी मांडव, बांधून दिलास. लाकडाचे जोड इतके नेमके होते, की त्यांत पोस्टकार्ड शिरले नसते. मी हे तेव्हाच पाहिले होते, पण बोललो नाही. मी फक्त पटर आणला, डावा डोळा मिटला आणि म्हणालो, "तिसरा खांब वाकडा आहे." तू लेव्हल लावून दाखवलीस, बुडबुडा बरोबर मधोमध होता. आई म्हणाली, "अहो, मला तर सरळ दिसतोय." त्यावर मी जे बोललो ते मला शब्दशः आठवते: "हत्यार चुकू शकतं. माझा डोळा चुकत नाही. अर्धवट शिकलं की असंच होतं." तू हत्यारे गोळा केलीस आणि शांतपणे म्हणालास, "स्वीट ॲज, बाबा. गेट समवन एल्स." ठीक आहे, दुसऱ्या कोणाला तरी बोलवा, एवढेच. त्यानंतर तुझा फोन येतो तो आईला. मी शेजारच्या खोलीत बसून तिची अर्धी बाजू ऐकतो.

गेल्या महिन्यातल्या सोमवारी स्पर्धेचा शेवट मी एकटाच पाहत होतो. चार दिवसांचा खेळ संपत आलेला, पुढे असलेला खेळाडू एका फटक्याच्या आघाडीवर, शेवटच्या होलपाशी. त्याने पटर लोंबता धरला. जुन्या सवयीने मीही माझा पटर घेऊन उभा राहिलो आणि डावा डोळा मिटला. माझा पटर मध्यावर वाकलेला होता, पाण्यात बुडवलेल्या काठीसारखा. मला वाटले, पटरच खराब झाला. म्हणून झाडूचा दांडा धरला. तोही वाकला. दाराची चौकट वाकली, पडद्यावरच्या झेंड्याची काठी वाकली. मग उजवा डोळा मिटून डाव्याने पाहिले, आणि घरातली प्रत्येक रेषा मुकाट्याने सरळ झाली. "गेला, गेला! अहो, जिंकला तो!" आई ओरडली. चेंडू होलमध्ये जाताना मी पाहिलाच नाही. मी खिडकीतून तिसऱ्या खांबाकडे पाहत होतो.

डॉक्टरांनी नीट समजावले. वयोमानाने उजव्या डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी द्रव साचला आहे. डोळ्यात इंजेक्शने देतात. ऐकायला भयंकर, सोसायला तितके नाही. आहे ती नजर टिकावी असा प्रयत्न आहे, गेलेली सगळी परत येईलच असे नाही. मी विचारले, इतके दिवस मला कसे कळले नाही? ते म्हणाले, दोन्ही डोळे उघडे असले, की चांगला डोळा दुसऱ्याची चूक झाकून घेतो. हे ऐकून तुझ्या आईने माझा हात धरला. सदतीस वर्षे ती हेच करत आली आहे.

एक गोष्ट आईलाही माहीत नाही. तू गेल्यावर मी शिडी लावून तिसऱ्या खांबाचे बोल्ट सैल केले, खाली पाचर ठोकली आणि माझ्या उजव्या डोळ्याला सरळ दिसेपर्यंत तो सरकवला. काल लेव्हल लावली. तुझा खांब सरळच होता, अक्षत. तो वाकडा मी केला. पहिल्या वाऱ्यापासून छपराचा पत्रा तिथेच वाजतो, आणि आई म्हणते, "अक्षतचं काम असं वाजणारं नसतं हो." मी गप्प बसतो. हे पत्र त्याचसाठी लिहिले.

हे पत्र तुझ्या बायकोकडून, स्वरदाकडून, वाचून घेऊ नकोस. मराठी वाचायला तुला वेळ लागला तरी स्वतः वाच. आणि दोन तपासण्या कर. हा आजार घराण्यात उतरू शकतो, म्हणून पहिली आजच करून बघ: न्हाणीघरातल्या फरशांसमोर उभा राहा, एक डोळा हाताने झाक, एका फरशीच्या मधोमध बघ आणि भोवतालच्या रेषा सरळ दिसतात का ते पाहा. मग दुसरा डोळा झाक. तुझ्या वयात सरळच दिसतील, पण सवय ठेव. दुसरीसाठी इथे यावे लागेल. माझा जुना पितळी ओळंबा काढून ठेवला आहे. तिसऱ्या खांबापाशी दोरी मी धरीन. खांब सरळ की वाकडा, ते तू सांगायचेस.

तुझाच,
बाबा