प्रेस नंबर चारवरचा भावी शिक्षक

४ फेब्रुवारी, रविवार
आणि पुन्हा तेच! सातवीत शाळा सुटली त्याला अकरा वर्षं झाली, तरी ताईचा फोन आला की सातवी निघालीच. मी शाळा सोडली नाही, आमचं एकमेकांशी जमलं नाही, हे तिला शंभरदा सांगून झालंय. आज म्हणाली, तुझं जाऊ दे, माझ्या नवऱ्याला नीट सांभाळ. दाजींचं शिवणकामाचं दुकान बंद पडलं, तेव्हा मीच म्हणालो, इकडे पाठव, आमच्या कारखान्यात चिकटवतो. उद्या येतायत. सांभाळ म्हणे! बेचाळीस वर्षांचा बाप्या, त्याला काय सांभाळायचं?

रागातच बाहेर पडलो. समोरच्या कॉलेजात एसी हॉल उघडा दिसला, शिरलो. आत लेक्चर चालू. भावी शिक्षकांसाठी. उठून जायची लाज वाटली म्हणून बसलो आणि जन्माचं कल्याण झालं. बाई काय बोलल्या! मध्येच त्यांनी विचारलं, तुमच्यापैकी शिक्षक कोण कोण होणार? सगळ्यांचे हात वर. माझाही गेला. मग खाली घेता येईना. म्हणजे ठरलंच.

तिथे वाटलेल्या पॅम्फ्लेटच्या मागे लिहून आणलं: उत्तर सांगू नका, प्रश्न विचारा. भीती दाखवून शिकवलेलं टिकत नाही. मूल चुकलं तर टाळी वाजवा.
मी कोणाला शिकवणार, हा बारीकसा प्रॉब्लेम आहे. सुटेल.

६ फेब्रुवारी, मंगळवार
सुटला. आमच्याकडे डब्यांची झाकणं बनतात. पत्रा ठेवायचा, प्रेस खाली येते, झाकण तयार. नव्या माणसाला दहा दिवस कोणीतरी शिकवायचं असतं. सुपरवायझरने विचारलं, दाजींना कोण घेतंय? माझा हात वर. या हाताला आता सवयच लागली आहे.

एक गोष्ट मात्र आधी निस्तरावी लागली. आमच्या शॉपची जुनी पद्धत अशी, की नवा माणूस पहिल्यांदा साडेसातकडे जातो. साडेसात म्हणजे प्रेस नंबर दोनवरचे काका. ते दोन्ही पंजे टेबलावर पसरतात आणि म्हणतात, मोज. माणूस बोटं मोजतो. साडेसातला मोजणं संपतं. मग काका म्हणतात, आता तुझ्या मशीनची बटणं बघ. झालं ट्रेनिंग, अर्ध्या मिनिटात.

ही शुद्ध भीती झाली. काकांना बाजूला घेऊन सांगितलं, दाजींच्या बाबतीत हे नको. का रे, म्हणाले, तुझ्या दाजींना मोजता येत नाही का? मी त्यांना लेक्चर समजावलं. काकांनी हात खिशात घातले आणि म्हणाले, बरं गुरुजी, वर्ग तुमचा.
गुरुजी! पहिल्यांदाच कोणी म्हणालं. ऐकायला बरं वाटतं.

७ फेब्रुवारी, बुधवार
पहिला तास. बाईंसारखा आधी एक मिनिट नुसता शांत उभा राहिलो. दाजींनी विचारलं, मेव्हणे, पोट बिघडलंय का?
मग प्रश्न टाकला. दाजी, मशीनला दोन बटणं का असतील? दाजी म्हणाले, एक बिघडलं तर दुसरं असावं म्हणून. मी टाळी वाजवली. दाजी बावरले, त्यांनीही वाजवली.
उत्तर मला अर्थातच माहीत आहे. दोन्ही बटणं एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही. म्हणजे दोन्ही हात बटणांवर, प्रेसखाली एकही नाही. पण सांगितलं नाही. स्वतः सापडेल त्यात मजा आहे.

१० फेब्रुवारी, शनिवार
अजून सापडलेलं नाही. दाजी दिवसाला सहाशे झाकणं काढतात, बाकीचे चौदाशे. सुपरवायझर म्हणाला, हे असंच चाललं तर तुझ्या पाहुण्याला घरी पाठवावं लागेल. दाजींनी ऐकलं. जेवले नाहीत.
संध्याकाळी ताईचा फोन. मशीन धोक्याचं नाही ना रे? मी म्हणालो, धोका हा शब्द शिक्षणात वापरत नाहीत. ती म्हणाली, तुला रे काय कळतं शिक्षणातलं, शहाण्या? आणि सातवी.

१३ फेब्रुवारी, मंगळवार
लेक्चर खरं झालं! विद्यार्थ्याने स्वतः शोध लावला!
दाजींनी पत्र्याचा तुकडा दुमडून डाव्या बटणात खोचला. बटण दाबलेलंच राहतं. मग उजव्या हाताने उरलेलं बटण दाबायचं आणि डाव्या हाताने पत्रा आत सरकवत राहायचं. म्हणाले, शिलाई मशीनवर डावा हात सुईपाशीच असतो, पंचवीस वर्षांची सवय आहे. आता कसं हात मोकळा झाल्यासारखं वाटतं. तेराशे ऐंशी झाकणं.
माझ्या पोटात गोळा आला. शिक्षकाच्या पोटात गोळा येतो तेव्हाच विद्यार्थी मोठा होत असतो, असं बाई म्हणाल्या होत्या. पॅम्फ्लेटवर शोधलं, सापडत नाही. पण म्हणाल्याच असतील.
टाळी वाजवली. जरा हळू.

१४ फेब्रुवारी, बुधवार
काका आले, तुकडा उपटून फेकला आणि मला म्हणाले, सांग त्याला. मी म्हणालो, काका, सांगायचं नसतं, विचारायचं असतं. मग विचार, म्हणाले. आत्ता, माझ्यासमोर.
मी विचारलं, दाजी, हा तुकडा कोणाच्या भल्याचा?
दाजी म्हणाले, आपल्या सगळ्यांच्या.
काका आपल्या प्रेसवर गेले. दुपारी बघतो तर नवा तुकडा. पहिल्यापेक्षा नीट, कडा आत दुमडलेल्या, शर्टाच्या कॉलरसारखा. हाताला सफाई आहे माणसाच्या.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार
ट्रेनिंग संपलं. सुपरवायझरने आकडा बघितला, बटण बघितलं, मग छताकडे बघितलं. फॉर्म पुढे केला. 'सुरक्षेचे नियम समजावून दिले' यापुढे टिक करायची होती. केली. प्रश्न विचारणं हेही समजावणंच. खाली 'शिकवणारा' लिहून रेघ होती, तिच्यावर सही केली. आयुष्यातली सगळ्यात सुंदर सही.

झोप लागेना म्हणून ठरवलं, दाजींना सरळ सांगून टाकायचं. एकदा लेक्चरचा नियम मोडला म्हणून काही बिघडत नाही. उद्या मात्र नको. उद्या अर्धाच दिवस, त्यात दाजी खुशीत आहेत, पहिला पगार ताईला पाठवायचाय म्हणत होते. सोमवारी सांगतो. सोमवारी नक्की.

१७ फेब्रुवारी, शनिवार
अकरा वीस. डावा हात.
मी शेजारी माझ्या चार नंबर प्रेसवर होतो, पाठमोरा. आवाज रोजच्यासारखाच आला. काही वेगळा नव्हता. म्हणून वळलो नाही. काका धावले तेव्हा वळलो.

१९ फेब्रुवारी, सोमवार
हॉस्पिटल. डाव्या हाताची तीन बोटं गेली. चौथ्याचं डॉक्टर दोन दिवसांनी सांगतील.
कंपनीचा माणूस फाइल घेऊन आला होता. म्हणाला, बटणात तुकडा कामगाराने स्वतः घातलेला आहे आणि नियम समजावल्याची सही आहे, त्यामुळे कंपनीकडून काही मिळायचं नाही. सही दाखवली. दाजी त्याला म्हणाले, मेव्हण्यांनी सगळं शिकवलं होतं हो, मीच धांदरट.
ते ऐकून मला हायसं वाटलं. लिहिलंय, आता खोडत नाही.

तो माणूस गेल्यावर दाजी म्हणाले, तुझ्या ताईला एवढ्यात सांगू नकोस, सांगशील तेव्हा उजवा चांगला आहे म्हणावं. मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

२० फेब्रुवारी, मंगळवार
ताईला फोन केला. कसली बटणं, कसला तुकडा, मला कधीपासून माहीत होतं, सगळं सांगितलं. एकही प्रश्न विचारला नाही. ती म्हणाली, मी न्यायला येते त्यांना. तिकिटाचं बघ.

माझ्याकडे जे काही साठलेलं होतं ते काढलं. काकांनी वरून थोडे घातले, कशाबद्दल ते बोलले नाहीत. सोबत ताईला चिठ्ठी लिहायला बसलो. सहा ओळी झाल्या. वाचून बघितलं, सहाही माझ्याबद्दल होत्या. फाडली. नुसते पैसे पाठवतो.
एकवीस हजार सहाशे.