खालची आळी वर आली

१२ मार्च, रविवार सकाळ

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनींना नमस्कार सांग, छकुलीला गोड पापा. तिचे दात पडायला लागले म्हणे. बोळकं भरायच्या आत एक फोटो पाठव. इकडे आम्ही दोघं मजेत. बाबांचं सवडीनं लिहिते, आधी ऑफिसचं ऐक. काल जे पाहिलं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

धरणाची भिंत दुरुस्तीला काढलीय हे तुला ठाऊकच आहे. काही वेडंवाकडं झालं तर भोंगा वाजणार आणि नदीकाठच्या खालच्या आळीनं टेकडीवर चढायचं. ही गोष्ट लोकांच्या गळी उतरवायचं काम धरणाच्या ऑफिसनं माझ्याकडे, म्हणजे जनसंपर्क विभागाकडे दिलं. मी जीव ओतला रे. फलक, पत्रकं, रेडिओवर गाणं. गाणं तर असं गाजलं, की दाढी करून घेता घेता गिऱ्हाईक गुणगुणायचं आणि न्हावी शिव्या घालायचा. साहेबांनी कात्रणांची जाडजूड फाइल टेबलावर आपटली. "मोहीम फत्ते!"

मग मुख्य कचेरीतून मूल्यमापनासाठी एक बाई आल्या. किडकिडीत, ताठ, मोजकं बोलणाऱ्या. शिपायानं पहिल्याच दिवशी त्यांचं नाव फूटपट्टी ठेवलं. त्यांनी फाइल चाळली आणि मिटली.

"छापून काय आलं ते कळलं. लोक उठतील का?"

"अहो, गाणं पोराटोरांना पाठ आहे," साहेब म्हणाले.

"गाणं पाठ असणं वेगळं, पाय उचलणं वेगळं. एकदा वाजवून बघू."

सराव होणार हे सगळ्यांना सांगितलं, फक्त वेळ सांगितली नाही. भोंगा वाजला. वर आली मूठभर माणसं, त्यातली निम्मी आमच्याच ऑफिसातल्यांच्या घरची, आणि एक कुत्रं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

फूटपट्टीबाई चिडल्या नाहीत. "चला, विचारायला जाऊ," एवढंच म्हणाल्या. मग आम्ही दारोदार हिंडलो. मी आजवर लोकांना सांगतच आले होते; विचारलं कधीच नव्हतं. कापडगिरणीकडच्यांना तो पाळी बदलल्याचा भोंगा वाटला. आपल्या शेजारच्या शिंपीणबाई म्हणाल्या, "कुणीच उठलं नाही, मग मी एकटीच कशाला वेड्यासारखी पळू?" आणि म्हाताऱ्या माणसांचं पुन्हा पुन्हा एकच: "कधी वाजला?"

आता बाबांचं.

आपलं घरही त्याच आळीत, ते सुटणार कसं? बाबा खिडकीशी पाठमोरे बसून पेपर वाचत होते. बाईंनी दार वाजवलं. मग हाक मारली. मग अगदी पाठीशी उभं राहून पुन्हा मारली. बाबांनी पान उलटलं. मी समोर गेले तेव्हा दचकले, हसले आणि माझ्या ओठांकडे बघत राहिले. दादा, ओठांकडे! मी रोज समोर बसूनच बोलते ना, म्हणून इतके दिवस निभावलं.

"बाबा, मोहिमेचं गाणं ऐकलंत?"

"फार सुरेख आहे. आमच्या हिनंच केलंय," ते बाईंना म्हणाले.

"आणि भोंगा?"

त्यांनी सावकाश पेपरची घडी घातली. "मला काय विचारतेस? उभा जन्म करवतीपाशी गेला."

तुला वाटतं, तू सॉ मिल सांभाळली नाहीस म्हणून बाबा अजून धुमसताहेत, म्हणून फोनवर नुसतं "हं, हं" करतात आणि फोन माझ्या हातात देतात. राग नाही रे. तुझं बोलणं त्यांना ऐकूच येत नाही. मी विचारलं, त्याला सांगितलं का नाहीत? तर म्हणाले, "शब्द लागत नाहीत, पण तो बोलतोय एवढं कळतं. सांगितलं असतं तर त्यानं फोन करणंच सोडलं असतं."

कान तपासून आणले आहेत. यंत्रानं थोडाफार फरक पडेल म्हणतात.

काल दुसरा सराव झाला. लोकांनी जे जे सांगितलं त्यावरून सगळं बदललं होतं: भोंगा खर्जातला, गिरणीहून निराळा, रस्त्यावरचे दिवे उघडझाप करणारे, आणि प्रत्येकानं निघताना शेजाऱ्याच्या खांद्याला हात लावायचा. मी टेकडीवर उभी. आधी काहीच नाही. मग वळणावर एक डोकं दिसलं, मग दहा, आणि मग रस्ताच हलायला लागला. काय सांगू तुला! अर्ध्या दाढीचा साबण तसाच घेऊन आलेला माणूस, पिंजऱ्यासकट पोपट, चौघांनी खुर्चीवरून उचलून आणलेली कुणाची तरी आजी. हजारो पावलांचा आवाज आणि बोलणं कुणाचंच नाही. अंगावरचा काटा उतरेचना. साहेब नकळत खुर्चीवरून उठून उभे राहिले. फूटपट्टीबाई लिहायच्या थांबल्या होत्या.

त्या लोंढ्यात बाबा होते, शिंपीणबाईंच्या हाताला धरून. वर पोचल्यावर त्यांनी वळून पाहिलं. अख्खी आळी रिकामी, दारं सताड उघडी. कितीतरी वेळ बघत राहिले.

"एवढी माणसं तुझ्या गाण्यानं उठली?"

"नाही बाबा. आम्ही विचारायला गेलो, म्हणून."

त्यांनी मान हलवली. ऐकू आलं की ओठ वाचले, देव जाणे.

"मग त्यालाही विचार," म्हणाले, "कधी येतोस म्हणून."

तर दादा, विचारते आहे. उत्तर मोठ्या अक्षरात लिही. पाकीट बाबाच फोडणार आहेत.

तुमच्या दोघांच्या मधे उभी असलेली,
तुझी धाकटी